जून महिन्यातली शिरगणती

स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या पोर्टनॉकी गावच्या विल्मा पिरीने सदतीस वर्षं मासळीच्या कारखान्यात हॅडक माशांचे काटे काढले. गेल्या मार्चमध्ये डॉक्टरांनी तिच्या आईला, शहाण्णव वर्षांच्या आयझीला, फार तर तीन आठवडे दिले, आणि विल्मा जुन्या नोंदींच्या मागे लागली.

आयझीची आई एल्सपेट मरताना एवढंच बोलली होती : "लग्नाआधी मला एक मुलगा झाला." नाव सांगितलं नाही. तो भाऊ कोण, हे आयझीला जाण्यापूर्वी हवं होतं.

जन्माच्या दाखल्यांत एल्सपेटच्या नावावर तसं मूल नव्हतं. उरली १९२१ची शिरगणती. विल्माने गावाची पानं चार वेळा चाळली. घर सापडलं, एल्सपेट नाही. आठवडा त्यात गेला. आयझीचं खाणं सुटलं, विचारणं सुटेना.

शेवटी विल्मा वाचनालयात लोकांना वंशावळ शोधायला मदत करणाऱ्या नेटा मेअरकडे गेली.

"त्या वर्षी गणती कधी झाली?" नेटाने विचारलं.

"जूनमध्ये. एप्रिलची पुढे ढकलली होती."

"आणि जूनमध्ये तू एकोणीस वर्षांची पोरगी गावात शोधतेस? मासळीवाल्याची नात ना गं तू? तेव्हा सगळ्या पोरी हेरिंग मासे कापायला शेटलंड बेटांवर असायच्या!"

शेटलंडच्या पानांत एल्सपेट सापडली, लर्विक बंदरातल्या एका लाकडी खोपटात. तिघींची टोळी : दोघी कापणाऱ्या, एक पिंपं भरणारी. मूल नव्हतं.

"मग ते घरी ठेवलं असणार," नेटा म्हणाली. "घरचं पान काढ."

पानावर एल्सपेटची आई, वय एक्कावन्न. खाली मुलगा जॉर्ज, वय एक.

"हा डॉडमामा, जॉर्जला सगळे डॉडच म्हणायचे," विल्मा म्हणाली. "आईचा मामा. शेंडेफळ."

"एल्सपेटनंतर अठरा वर्षं काही नाही, आणि एकदम पन्नाशीत शेंडेफळ? बाई, जरा हिशोब कर."

विल्माने चारही वेळा ते नाव वाचलं होतं. ओळखीचं म्हणून नजर पुढे गेली होती.

डॉड तरुणपणीच एका कडव्या पंथात गेला. बाहेरच्यांच्या पंगतीला ते बसत नाहीत. एल्सपेटला माती देऊन आल्यावर तो चहासुद्धा न घेता निघाला. आयझीने त्याच्याशी बोलणं टाकलं, ते सत्तावीस वर्षं. त्याच्या मातीलाही ती गेली नाही.

विल्माने आयझीला सगळं सांगितलं.

"तो दिसला की मी रस्ता ओलांडून पलीकडे जायचे," ती म्हणाली. मग, "त्याला ठाऊक होतं का गं?"

डॉडची मुलगी रूथ वरच्या गल्लीत राहते. विल्माने ठोठावल्यावर तिने दार अर्धंच उघडलं.

"बाबांना चौदाव्या वर्षी कळलं," ती म्हणाली. "त्यांना वाढवणाऱ्या आजीने कुणाला न सांगण्याची शपथ घातली होती. तुझी आई रस्ता ओलांडून जायची ना, त्या दिवशी घरी येऊन ते जेवायचे नाहीत. आत ये म्हणत नाही, आमच्या पंथाचं तुला माहीतच आहे."

विल्मा परतली तेव्हा आयझी अजून जागी होती.

"काय म्हणाली?"

"नव्हतं, आई," विल्मा म्हणाली. "त्याला काहीच ठाऊक नव्हतं."