अर्थ सांगू नका, करून दाखवा!

चार माणसं रोज एका जागी बसली की किस्से साचतातच. आमचे इंग्रजीमुळे साचले! जुन्या जालन्यात धान्याच्या दुकानावरच्या खोलीत वाघमारे सर संध्याकाळी इंग्रजीचा क्लास घेतात. मूळचे आष्टीचे, रिटायर्ड हेडमास्तर. शिकवणार फक्त पुस्तकी फ्रेजल व्हर्ब, म्हणजे दोन-दोन शब्दांची जोडक्रियापदं. "गुड मॉर्निंग काय, कोणीपण शिकवतं!" नियम एकच. मराठीत अर्थ सांगायचा नाही, करून दाखवायचा.

आम्ही चौघं. कापड दुकानातला मी, रिक्षावाले रफिकभाई, खालच्या दुकानाचे शेठ आणि पिंपळगाव रेणुकाईची अनिता साळवे. आम्ही तिघं हौशी, पण अनिताला शाळेत नोकरी हवी होती. दोन इंटरव्ह्यूंत तिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता, आणि तिसरा आठवड्यावर आलेला. काळजी तिच्यापेक्षा आम्हालाच जास्त!

*

'व्हाइल अवे' म्हणजे वेळ मजेत घालवणं. सरांनी शेठना दाखवायला सांगितलं. शेठ उठून गेले ते चार दिवस गायब!

पाचव्या दिवशी सर भडकले, "कुठं गेल्ते?"

"होमवर्क करून राह्यलो होतो सर. शेतात, बाजेवर!"

सरांनी दहापैकी दहा दिले.

*

'कास्ट अबाउट' म्हणजे इकडेतिकडे शोधाशोध करणं. रफिकभाई जिना उतरले आणि भर रस्त्यात वाकून शोधायला लागले. पाच मिनिटांत अर्धी गल्ली त्यांच्यासोबत वाकली! शेवटी एका हमालानं विचारलं, "भाई, हरवलं काय?"

"वो सरकोच मालूम!"

सगळ्यांनी वर पाहिलं. सरांनी खिडकी लावून घेतली.

*

'होल्ड फोर्थ' म्हणजे ऐकणाऱ्याचा जीव जाईस्तोवर एकाच विषयावर बोलत सुटणं. हा सरांनी स्वतः दाखवला. पंख्याच्या रेग्युलेटरवर दीड तास! शेठ बसल्या बसल्या घोरायला लागले.

मग अनिताची पाळी. ती उभी राहिली, घामाघूम झाली आणि "उद्या दाखवते सर," म्हणून खाली बसली. मला खरंच वाईट वाटलं.

*

इंटरव्ह्यूला तिला रफिकभाईंच्या रिक्षातून नेलं. मी आणि रफिकभाई खिडकीबाहेर उभे. अर्जात सरांच्या क्लासचा उल्लेख बघून प्रिन्सिपॉल म्हणाले, "कोणताही एक फ्रेजल व्हर्ब सांगा, अर्थासकट."

"होल्ड फोर्थ," अनिता म्हणाली. रफिकभाईंनी माझा हात घट्ट धरला.

अनिता खुर्चीवरून उठली आणि सुरूच झाली! विषय, पिंपळगावहून भोकरदनमार्गे जालन्याला येणारी एसटी. कोणत्या फाट्यावर कोण चढतं, कोण कोणासाठी रुमाल टाकतं, कंडक्टर कोणावर खेकसतो... इंग्रजी मोडकंतोडकं, पण बाई थांबेना. पॅनेलचा चहा आला, त्यावर साय धरली. एक मॅडम घड्याळ बघत होत्या, दुसऱ्या चक्क पेंगल्या.

प्रिन्सिपॉलनी हात जोडले. "बाई, सोमवारी जॉइन व्हा, पण आता थांबा! मी फक्त अर्थ विचारला होता!"

"तोच सांगून राह्यले सर. आत्ता कुठं भोकरदन आलं!"