बॉडी की लेन्स?

विलासमामा गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी मी पुण्यात कॅमेऱ्याच्या दुकानात उभा होतो. दुकानदाराने खोकं काउंटरवर काढून ठेवलं होतं, बिलावर नाव कोणाचं घालू म्हणून तो विचारत होता, आणि दीड वर्ष भिजत पडलेलं ते घोंगडं एकदाचं वाळत पडणार म्हणून मी मनातल्या मनात सुटकेचा निःश्वास टाकत होतो. तेवढ्यात मामांचा फोन आला. "दिनू, थांब. घेव नको. माका परत एकदा इचार करूचो आसा. तू बॉडी बॉडी करतस, पण लेन्सचा काय?" मी इतका वैतागलो होतो की वाद घालायचंही त्राण उरलं नव्हतं. "बरां," एवढंच म्हणून मी फोन ठेवला आणि दुकानदाराकडे बघून मान हलवली. त्याने काही न विचारता खोकं परत मागच्या फळीवर ठेवलं. त्याला सवय झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामीचा फोन आला. मामा अंगणात दात घासत असताना खाली बसले ते उठलेच नाहीत... डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. खरं सांगायचं तर रडू नंतर आलं. आधी मनात आलं ते असं, की आता हे कॅमेऱ्याचं ठरवणार कोण?

विलासमामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. मालवणच्या बाजारात त्यांचा फोटो स्टुडिओ होता आणि खाडीपलीकडच्या वाडीत घर. आसपासच्या गावांतल्या दोन पिढ्यांची लग्नं त्यांनी काढली. कामाला चोख, बोलायला गोड, पण एक खोड अशी होती की त्यापायी भलेभले हात टेकायचे. समोरचा जे म्हणेल त्याच्या उलट मामा बोलायचे. तुम्ही म्हणालात यंदा आंबा चांगला आहे, की ते मोहोर कसा करपला ते सांगणार. तुम्ही म्हणालात खरंच, करपला बरं का, की ते देवगडात फांद्या कशा वाकल्यात त्याचं वर्णन करणार. भांडण नसायचं त्यात, आवाजही चढायचा नाही. फक्त तुमच्या म्हणण्याला 'पण' लावल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही.

याच खोडीमुळे मी शिकलो. माझे बाबा दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून जायचे आणि आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. बारावी झाल्यावर मला कॉलेजला जायचं होतं, आणि धीर द्यायला मामा असतील म्हणून मी स्टुडिओत गेलो, तर मामा म्हणाले, "कॉलेज कित्याक? आयटीआय कर. हाताक काम गावतला." मी तो सगळा मे महिना त्यांच्याशी वाद घातला. स्टुडिओ झाडताना, निगेटिव्ह पाकिटात घालताना, गिऱ्हाईक खुर्चीवर बसलेलं असतानासुद्धा. मी एक मुद्दा काढायचा, मामांनी तो खोडायचा, मी घरी जाऊन नवा शोधून आणायचा. शेवटी एक दिवस मी जवळजवळ रडतच म्हणालो, "मामा, तू काय पण सांग, मी जातलंय!" मामांनी दुकानाचं शटर ओढलं, मला स्कूटरवर मागे बसवलं आणि थेट आमच्या घरी आले. माझ्या बाबांपुढे त्यांनी माझेच मुद्दे एकामागून एक मांडले, मी मांडले त्याहून कितीतरी नीट. बाबांनी विरोध केला तसतसे मामा खुलत गेले. कॉलेजच्या पहिल्या दिवशी मी त्यांच्याच शर्टात गेलो... आज पुण्यात एका प्रयोगशाळेत चांगल्या नोकरीला आहे तो त्या मे महिन्याच्या जोरावर. हे ऋण मी कधी विसरलो नाही, पण म्हणून त्यांच्याशी फोनवर बोलणं सोपं झालं असंही नाही.

डिजिटल एसएलआर घेणारे आमच्या बाजारात मामा पहिले. रोलचे दिवस संपत आले हे त्यांनी सगळ्यांच्या आधी ओळखलं, बहुधा सगळे म्हणत होते की रोल काही जात नाही म्हणूनच. जुन्या कॅमेऱ्याच्या लेन्स नव्यालाही बसतात म्हणून त्यांनी तीच कंपनी धरली. पाच-सहा पावसाळे त्या कॅमेऱ्याने काढले. आमच्याकडची खारी हवा माणसाच्या सायकलीलाही सोडत नाही, तिथे कॅमेऱ्याची काय कथा! मामा लेन्स एका लाकडी कपाटात ठेवायचे आणि आत छोटा दिवा जळत ठेवायचे, हवा कोरडी राहावी म्हणून. पण पावसाळ्यात वीज दोन-दोन दिवस जायची. हळूहळू काचांच्या आत बुरशीचे धागे दिसू लागले. कॅमेराही दमला होता. आणि मग एका लग्नात, मंगलाष्टकं संपली, अंतरपाट खाली आला, अक्षता पडल्या, वधूने हार उचलला... आणि कॅमेऱ्याच्या आतला आरसा वर गेला तो तिथेच अडकला. मामा बटण दाबत राहिले, आत नुसता काळोख. हार घालून झाले. वधूचे वडील भले होते, म्हणाले, "जाऊ द्या, परत घालूया." मामांनी ते परत घातलेले हार काढले, पण घरी येऊन मामीला म्हणाले, "ह्यो खोटो फोटो झालो." त्यांनी आरसा मुंबईला पाठवून दुरुस्त करून आणला, पण भरवसा गेला होता. त्या दिवशी त्यांनी जाहीर केलं की विश्वासाचा कॅमेरा हाती येईपर्यंत लग्नाच्या मांडवात पाय ठेवणार नाही.

तिथून सुरू झालं. मला डिजिटलमधलं थोडं कळतं आणि मी पुण्यात, तेव्हा निवड करायचं काम माझ्याकडे आलं. मामांच्या घरात रेंज नाही, म्हणून ते सातेरीच्या देवळाच्या पायरीवर येऊन फोन लावायचे.

"मामा, आरसो अडाकलो म्हणजे बॉडी थकली. नवी बॉडी घे. लेन्सा आसत त्याच चलतल्यो."

"बॉडी म्हणजे पेटारो रे. बघता कोण? लेन्स! तिच्यात बुरशी आसा. नव्या पेटाऱ्यात जुनो डोळो बसवन काय उजेड पडतलो?"

मी आठवडाभर माहिती काढली, चार फोटोग्राफरना विचारलं. "बरां मामा, तुझा खरा. एक चांगली लेन्स घेवया."

"आणि अक्षता पडताना परत आरसो अडाकलो तर? लेन्स हातात घेवन नाचू?"

"मग कंपनीच बदलूया. सगळा नवीन."

"म्हणजे ह्यो लेन्सा काय खाडयेत टाकू? कॉलेजात तुका ह्याच शिकवल्यानी?"

शेवटी मी दुकानदाराचा नंबर त्यांना दिला, तूच बोल म्हणून. मामा पुण्याच्या माणसाशी अर्थातच पुस्तकी मराठीत बोलले. दुकानदाराने मला ते ऐकवलं. "आपण सुचविलेला कॅमेरा उत्तम आहे याबद्दल दुमत नाही. तथापि..." दुकानदार म्हणाला, "साहेब, तुमच्या मामांचा 'तथापि' आला की मी फोन कानाला तसाच ठेवून दुसरं गिऱ्हाईक करतो."

इकडे स्टुडिओत पासपोर्टचे फोटो आणि शाळेचे ग्रुप, एवढंच काम उरलं. लग्नाची आमंत्रणं कुडाळच्या फोटो काढणाऱ्या मुलांकडे जाऊ लागली. बिनकामाचा माणूस दिवसभर घरात, आणि वाद घालायला समोर एकटी मामी. "दिनू, ह्यांका कसलो तो कॅमेरो दी, नायतर माका म्हायेराक पोचव," ती म्हणायची. "काल माज्या आमटीत काय कमी आसा, ता तासभर सांगी होते. मी म्हटलंय मीठ कमी आसा, तर म्हणतत मीठ बरोबर आसा!" ती हसत सांगायची, पण एकदा आवाज खाली आणून म्हणाली, "मांडवातसून इल्यावर माणूस कसो फुललेलो असायचो रे... आता लग्नाचो बॅंड ऐकलो की दार लावन घेतत."

गेल्या चतुर्थीला मी गावी गेलो तेव्हा मामीने देवीला कौल लावायचं ठरवलं. आमच्याकडे घर बांधायचं, विहीर काढायची, सोयरीक जुळवायची, तर आधी देवीला विचारतात. कॅमेऱ्यासाठी कौल लावलेला मात्र मी तरी ऐकला नव्हता. नाना गुरव लगेच तयार झाला, कारण तुळशीच्या लग्नानंतर त्याच्या मुलीचं लग्न होतं आणि फोटो विलासच काढणार, दुसरा कोणी नाही, असा त्याचा हट्ट होता. मामांनीही शब्द दिला होता, कॅमेरा आला की काढतो म्हणून. नारळ ठेवून नानाने गाऱ्हाणं सुरू केलं.

"गे माये सातेरी, आज ह्या विलासान तुझ्या पायाकडे नारळ ठेवलो आसा. तेका कॅमेरो घेवचो आसा, पण मन थाऱ्यार नाय..."

"होय म्हाराजा!" आम्ही सगळे.

"बॉडी घेव काय लेन्स घेव, असो जो काय घोळ झालो आसा, तो दूर कर..."

"होय म्हाराजा!"

"आणि माझ्या चेडवाच्या लग्नाआदी कर!"

"होय म्हाराजा!" यात मामीचा आवाज सगळ्यात वर.

नानाने देवीच्या पाषाणावर उजवीकडे आणि डावीकडे ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर बॉडी घ्यायची, डावी पडली तर नाही. बराच वेळ काही हललं नाही, मग उजवी कळी टपकन खाली पडली. मी देवीला मनापासून हात जोडले. आणि शेजारून आवाज आला, "नानानू, ती कळी मुळात सुकी होती."

"विल्या, देवीक खोटी पाडतस?"

"देवीक नाय, कळयेक. आणि लेन्सचो कौल घातल्याशिवाय न्याय अर्धोच रवता."

नानाने कपाळावर हात मारला, पण लेन्सचाही कौल घातला. परत उजवी पडली. देवीने दोन्हीला हो म्हटलं! मामा माझ्याकडे वळून म्हणाले, "बघलंस? ह्यां काय सोपा नाय." मला त्या गाभाऱ्यात मोठ्याने ओरडावंसं वाटलं होतं.

तरीही तुळशीचं लग्न जवळ आलं तसे मामा नरमले. "घे बॉडी," म्हणाले, आणि मी दुकानात गेलो. पुढचं सांगितलंच आहे.

मी गावी पोचलो तेव्हा वाडीत कुजबुज होती, विलासने देवीच्या कौलात खोट काढली म्हणून असं झालं. मला संताप आला. नाना गुरवाच्या कानावर ते गेलं तर तो ओट्यावर बसलेल्या माणसांवरच ओरडला. "कोण म्हणता? तो ल्हानपणापासून देवळात येवन वाद घालता. देवीक त्याची सवय आसा!" मग त्याने धोतराच्या सोग्याने डोळे पुसले.

तेराव्यानंतर मामीने मला स्वयंपाकघरात बोलावलं. "दिनू, नानाच्या चेडवाच्या लग्नाचो शब्द ह्यांनी दिललो आसा. तो मोडूक नको. ती बॉडी घेवन ये, आणि फोटो तू काढ." मी म्हटलं, मामी, मामा शेवटी थांब म्हणाले होते, त्यांना लेन्स हवी होती. "ते काय उद्याक परत बॉडीच म्हणले असते," मामी म्हणाली.

मी बॉडी आणली, तिला मामांची जुनी लेन्स लावली आणि मांडवात उभा राहिलो. मांडवाची एक बाजू कापणी झालेल्या मळ्याकडे उघडी होती, तिथून दुपारचं ऊन थेट समोर येत होतं. अंतरपाट खाली आला, मी बटण दाबलं, कॅमेरा एकदाही अडखळला नाही. नानाने मागच्या पडद्यावर पाहिलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "फस क्लास! विल्याच्या हाताखालचो तू!"

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुडिओ उघडला आणि फोटो संगणकावर मोठे करून बघितले. उन्हाच्या बाजूने काढलेल्या प्रत्येक फोटोवर दुधाळ साय धरल्यासारखी दिसत होती. मुलीचा चेहरा धुक्यातून यावा तसा. जुन्या कॅमेऱ्यात हे कदाचित लपलं असतं, पण नवी बॉडी इतकी बारीक टिपणारी की बुरशीने केलेली खराबीही तिने इमानेइतबारे टिपली होती. मी फोटोमागून फोटो बघत गेलो. चीड आली, ती नक्की कोणाची ते कळेना. दीड वर्ष माझं डोकं खाल्लं, आणि शेवटी खरं ठरलं ते त्यांचं!

दुकानात कोणी नव्हतं. मी मोठ्याने म्हटलं, "मामा, तुझा बरोबर होता. लेन्सच घेवची होती."

आणि थांबलो... रस्त्यावरून बांगडे घेऊन एक बाई ओरडत गेली. समोरच्या दुकानदाराने फळ्या काढल्या. मामांचं म्हणणं मी इतकं सरळ मान्य केल्यावर जे ऐकायची मला एवढ्या वर्षांची सवय, ते आलं नाही. कोणी 'पण' म्हटलं नाही. पडद्यावर नानाच्या मुलीने हार उचललेला होता, धूसर, पण हात अर्ध्यावर, ओठ नुकते हसू लागलेले, तो नेमका क्षण. मग मीच म्हटलं, "आणि आरसो अडाकलो असतो तर?"