फेसाखालचं ब्लॅककरंट

त्या बारमध्ये तिला सगळे वहिनी म्हणायचे, अगदी तिच्या वडिलांच्या वयाची गिऱ्हाइकंसुद्धा. नळाखाली ग्लास तिरका धरून ती काळी स्टाऊट बिअर भरायची, ग्लास अर्ध्यावर ठेवून शांतपणे दुसऱ्याशी बोलायची आणि फेस बसला की राहिलेली भरायची. कुणी घाई केली तर म्हणायची, "तहान लागली असेल तर पाणी देते." कुणाची बायको रुसली आहे आणि कुणाला आज बोलायचंच नाही, हे तिला दारातूनच कळायचं. अशी माणसं काउंटरमागे जन्मावीच लागतात.

पण हे काउंटर खरं तिच्या सासऱ्यांचं. त्यांनी उभं आयुष्य तिथे काढलं आणि एका गोष्टीवर ते कायम अडून राहिले: स्टाऊटमध्ये ब्लॅककरंटचं सरबत घालायचं नाही. ही माहेरी ते दाट, जांभळं सरबत घालूनच स्टाऊट प्यायला शिकलेली. लग्नानंतर तिने पहिल्यांदा तसा ग्लास भरला, तेव्हा सासरे भर बारमध्ये म्हणाले होते, "सूनबाई, हा बार आहे, बाळंतिणीची खोली नाही." सगळे खो खो हसले. तिनेही हसून घेतलं आणि पुढे स्वतःचा ग्लास त्यांच्या नाकावर टिच्चून तसाच पीत राहिली. गिऱ्हाइकाला मात्र कधी दिला नाही.

मग सासरे आजारी पडले. आजार गेला, पण औषधांनी तोंड कडूजहर करून ठेवलं. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळी थोडी स्टाऊट घ्या, हरकत नाही. एक घोट घेऊन त्यांनी ग्लास सरकवला. "गंजकं लोखंड चाटल्यासारखं वाटतंय." दुसऱ्या दिवसापासून ते वरच्या खोलीतून खाली यायचेच बंद झाले. जेवण सुटलं, बोलणं सुटलं. नवरा म्हणाला, "बाबांचं वय झालं." वहिनीला ते मुळीच पटलं नाही. म्हातारा वयाने नाही, एकटेपणाने खंगत होता आणि ते तिला बघवत नव्हतं.

सरबत घाला म्हटलं असतं तर त्यांनी तिला घराबाहेर काढलं असतं. वरून ओतलं तर पांढरा फेस जांभळा होऊन बोभाटा झाला असता. म्हणून तिने आधी ग्लास भरला, फेस सायीसारखा धरू दिला. सरबताच्या बाटलीत स्ट्रॉ बुडवली, वरचं तोंड बोटाने दाबलं, फेसातून अलगद तळाशी नेली आणि बोट उचललं. सरबत खाली उतरलं, वर डागसुद्धा नाही.

"नवीन पिंप उघडलंय बाबा, जरा बघता का?" म्हणत ती ग्लास वर घेऊन गेली. त्यांनी घोट घेतला. थांबले. आणखी एक घेतला. "बरं आहे हे पिंप," एवढंच म्हणाले. ती रोज तसाच ग्लास भरत राहिली आणि हळूहळू ते खाली येऊ लागले, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून लोकांच्या चुका काढू लागले. वहिनीच्या जिवात जीव आला, पण धाकधूक होतीच. कळलं तर हा माणूस अपमानाने पुन्हा वर जाऊन बसेल, आणि मग देवसुद्धा त्याला खाली आणणार नाही.

एका संध्याकाळी एका नव्या बाईंनी स्टाऊटमध्ये ब्लॅककरंट मागितलं. नेहमीचा शिंपी लगेच फिसकन हसला. "बाई, चुकीच्या ठिकाणी आलात! काय हो मालक, तुम्ही काय म्हणायचात ते सांगा ना यांना."

सासऱ्यांनी आपल्या ग्लासकडे पाहिलं, मग शिंप्याकडे.

"सूनबाई, बाईंना दे. आणि माझ्यातही घाल. ती स्ट्रॉ राहू दे, सरळ वरून ओत. बघू दे सगळ्यांना."

शिंप्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. वहिनीने बाटली उचलली आणि सरळ वरून ओतली. फेसावर जांभळी रेघ वेडीवाकडी पसरली.

"कधी कळलं तुम्हाला?" तिने हळूच विचारलं.

"पहिल्याच घोटाला."

"मग बोलला का नाहीत, बाबा?"

म्हाताऱ्याने ग्लास दोन्ही हातांत धरला. "बोललो असतो, तर मला वरच बसावं लागलं असतं."