तो पाचवा फाउल

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, मुलीला नाही, आणि मॅडमना तर नाहीच. त्या असेपर्यंत धीर झाला नाही. आता त्या नाहीत म्हणून धीर आला — हा कसला धीर?

पाटणकर मॅडम पनवेलच्या आमच्या कॉलेजात मुलींना बास्केटबॉल शिकवायच्या. वर्षानुवर्षं. पदर खोचलेला, पायात कॅनव्हासचे बूट. मुलगी हाफपँट घालून खेळणार म्हणून ज्या घरात आकांडतांडव व्हायचं, तिथे त्या स्वतः जाऊन चहा प्यायच्या आणि परवानगी घेऊनच उठायच्या. त्यांचा हट्ट एकच — फाउल झाला की जिने केला तिने आपणहून हात वर करायचा. "पंचाला डोळे दोन, तुमचे हात दहा," म्हणायच्या. आम्हाला ते पाठ होतं. मला जरा जास्तच — मी कॅप्टन होते ना.

सुमन नेऱ्याहून यायची. शेतकऱ्याची पोर, माझ्याहून उंच, आणि — आता लपवून काय उपयोग? — माझ्याहून चांगली. तिच्या वडिलांनी मॅडमना तोंडावर सांगितलं होतं, "पोरगी इनिवर्सिटीच्या टीममदी गेली तर शिकू देतो. नाय तर यंदा लगीन."

फायनलला युनिव्हर्सिटीची टीम निवडणारे समोरच खुर्च्यांवर बसले होते. माझे चार फाउल झाले होते, सुमनचेही चार. पाचव्याला बाहेर. समोरची मुलगी बास्केटखाली उडाली आणि मी तिच्या मनगटावर हात मारला. चांगला सणसणीत. शिट्टी वाजली. पंचांनी बोट दाखवलं — सुमनकडे.

माझा हात कुठे होता, माहितीये? कमरेवर.

"मी नाय केला, मॅडम," सुमन म्हणाली. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "तू शेजारीच होतीस, कोणाचा हात लागला?" मूग गिळून गप्प बसले असते तरी एक वेळ चाललं असतं. मी म्हणाले, "सुमनचाच."

मॅडमनी पुढे काही विचारलं नाही. सुमनने हात वर केला — माझ्या फाउलसाठी — आणि बाहेर बसून बुटाची नाडी सोडायला लागली.

निवड माझी झाली. त्या जोरावर मी शाळेत क्रीडाशिक्षिका झाले. मॅडम पुन्हा नेऱ्याला जाऊन आल्या, पण या खेपेला त्यांना कोणी चहाही विचारला नाही. मे महिन्यात सुमनचं लग्न झालं, उरणकडच्या एका गावात. मी आहेर म्हणून स्टीलचा डबा दिला. काय पण आहेर!

मॅडमनी माझ्यावर एवढा विश्वास टाकलाच का, असा कधी कधी त्यांचाच राग येतो. चोराने कुलपाला शिव्या द्याव्यात, तसा.

काही वर्षांनी मॅडमचा निरोपसमारंभ झाला. सुमन आली होती, कडेवर पोर. मॅडम माझ्याकडे बोट दाखवून सगळ्यांना म्हणाल्या, "हात वर कर म्हणून हिला कधी सांगावं लागलं नाही." मग मला बोलायला उभं केलं. मी प्रामाणिकपणावर बोलले — अगदी अस्खलित. टाळ्या पडल्या. पोर मांडीवर ठेवून सुमननेही वाजवल्या.

नंतर ती जवळ आली. "बरी बोललीस गो," म्हणाली. मग जरा थांबून, "पण तो फाउल मी नव्हता केला. मॅडमना मीच केला असं वाटत रायलं."

तेव्हा तरी? मॅडम समोर उभ्या होत्या, हाकेच्या अंतरावर. मी सुमनच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "जाऊ दे आता. झालं गेलं विसरून जा." म्हणजे — मी तिला माफ केलं.

आजही शाळेच्या मैदानावर मुलींना मी हेच शिकवते. डोळे दोन, हात दहा. मुली ऐकतात, हात वर करतात.

सुमनचं गाव मला माहीत आहे. पनवेलहून थेट एसटी जाते. मी गेलेले नाही.