मागच्या सीटपर्यंत

दादाबरोबर बसने कुठे जायचं म्हटलं की माझ्या कपाळाला आठ्या पडतात. शेवटच्या थांब्यावर सगळे उतरतात आणि हा भला माणूस उलट मागे चालायला लागतो. गुडघ्यावर हात टेकून एकेका सीटखाली वाकून बघतो, पार शेवटच्या सीटपर्यंत जातो आणि मग सावकाश पुढे येतो. कंडक्टर विचारतो, "काय हरवलं का काका?" दादा म्हणतो, "नाही, काही नाही." मी खाली उभा राहून दुसरीकडे बघत असतो. काय हरवलं ते मला ठाऊक आहे, आणि ते हरवण्यात माझा हात आहे. हात म्हणजे खरोखरचा हात, पक्कड धरणारा.

दादा माझा सख्खा थोरला भाऊ, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. शाळेच्या चार नंबरच्या बसवर तो बावीस वर्षं ड्रायव्हर होता आणि त्याच शाळेच्या आवारात, बसगाड्यांच्या शेडला लागून, माझी इलेक्ट्रिशियनची खोली. मला तिथे चिकटवलं तेही त्यानेच. गंमत अशी की स्वतः दादाला वायरची भयंकर भीती. घरातला बल्ब गेला तर बदलायचं सोडून तो अंधारात माझी वाट बघत बसायचा. मी प्लगला हात लावला की म्हणायचा, "आधी मेन बंद कर रे बाबा, मग काय तुझे खेळ करायचे ते कर."

मुलांची नावं त्याच्या लक्षात राहायची नाहीत. म्हणून तो त्यांना थांब्यांवरून हाक मारायचा. "ए पाण्याची टाकी, हात आत घे." "दवाखाना, भांडू नको, आज तुझीच चूक आहे." मुलांना हे इतकं आवडायचं की वर्गातही ती एकमेकांना तसंच म्हणायची आणि शिक्षिका वैतागायच्या. त्यातलीच एक पिवळं फाटक. पहिलीतली, पाच वर्षांची, सगळ्यात आधीच्या थांब्यावर चढणारी. तिची झोप कधी पुरी व्हायची नाही. चढली की सरळ शेवटच्या सीटवर जायची, कारण तिथे पाय पसरता येत. माझी मुलगी तेव्हा तेवढीच होती.

प्रत्येक बसमध्ये एक घंटी होती. इंजिन बंद केलं की दीड मिनिटाने ती वाजायला लागायची आणि बंद करायचं बटण मुद्दाम शेवटच्या सीटखाली बसवलेलं. ड्रायव्हरने उठावं, दोन्ही बाजूंच्या सीट बघत मागे जावं, कुणी झोपलेलं नाही याची खात्री करावी आणि मग बटण दाबावं, एवढाच त्यामागचा विचार. ज्याने कुणी तो केला तो शहाणा माणूस असला पाहिजे. आम्ही सगळे मात्र त्या घंटीला शिव्या घालायचो.

दादाने कधी तक्रार केली नाही. पण त्याचा उजवा गुडघा कामातून गेला होता. रोज सीटच्या पाठी धरत, ओठ दाबून मागे जाताना मी त्याला खिडकीतून बघायचो आणि मला ते बघवायचं नाही. एका रविवारी मी चार नंबर उघडली, मागच्या बटणाच्या वायरीला जोड दिला आणि एक जादा बटण त्याच्या सीटशेजारी, पत्र्याआड लावलं. काळी वायर, काळी टेप. टेपचं शेवटचं टोक मी नेहमी दुमडून त्याचा छोटा कान ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी नखाने उकरत बसावं लागत नाही. ही माझी जुनी खोड, आणि मला तिचा अभिमान होता.

दादाला दाखवलं तर तो खूश झाला नाही. म्हणाला, "अरे, पण मागे बघायला तर पाहिजेच ना?"

"आरशात बघ. आणि मुलांना उतरवायला बसमधली मदतनीस बाई असतेच की."

"बरं दिसत नाही रे हे."

"गुडघा गेल्यावर काय करणार आहेस? घरी बसणार?"

मीच त्याला पटवलं. हे मी कुणाला सांगताना नेहमी गाळतो, म्हणून इथे आधीच लिहून टाकतो.

पहिला महिनाभर तो पुढचं बटण दाबूनही मागे जाऊन यायचा. मग एक दिवसाआड. मग ज्या दिवशी गुडघा बरा असेल त्या दिवशी.

त्या दिवशी एका मुलाला बसमध्ये उलटी झाली. बाई त्याला घेऊन नळावर गेली आणि तिकडेच अडकली. दादाने आरशात बघितलं. सगळ्या सीट रिकाम्या दिसल्या. गाडी शेडमागच्या मोकळ्या जागेत उन्हात लावली, पुढचं बटण दाबलं, दारं लावली आणि तो चहा प्यायला माझ्याकडे आला. तेव्हा आठ वाजले होते. आम्ही कशावर तरी हसत होतो. कशावर, ते मला आठवत नाही, आणि आठवू नये असंच वाटतं.

वर्गात गैरहजेरी लागली. शाळेच्या नव्या यंत्रणेने आईच्या फोनवर आपोआप मेसेज पाठवला. पण ती यंत्रणा त्या महिन्यात दोनदा हजर मुलीला गैरहजर म्हणाली होती. सव्वाबाराला बाई झाडू घेऊन बसमध्ये चढली. ती मागे गेली आणि तिथूनच तिने दादाला हाक मारली. ती हाक मला माझ्या खोलीत ऐकू आली. पिवळं फाटक शेवटच्या सीटखाली, दाराकडे डोकं करून पडली होती. ती वाचली नाही.

पोलीस यायच्या आत दादाने मला शेडच्या भिंतीशी गाठलं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता, पण आवाज नेहमीचाच.

"बटण मी लावलं. रविवारी येऊन लावलं. तुला काही माहीत नाही."

"दादा, तुला साधा फ्यूज..."

"तुझ्या पदरात पाच वर्षांची मुलगी आहे. माझ्यामागे कोण आहे?" वहिनी जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती आणि त्यांना मूलबाळ नव्हतं. "तोंड उघडायचं नाही."

मी उघडलं नाही. उलट जबाब दिला की एक तारखेला मी सगळ्या घंट्या तपासल्या, तेव्हा असलं काही नव्हतं. पोलिसांनी जोडाचा फोटो काढला, वायरी कापून पाकिटात भरल्या. दादा दीड वर्ष आत होता.

सुटून तो आमच्याकडेच राहायला आला. पहिल्याच संध्याकाळी सहा वाजता तो खुर्चीतून उठला आणि घर तपासायला लागला. बाहेरची खोली, मधली खोली, मग मागची. कॉटखाली, दारामागे, कपाटाच्या आडोशाला. काही सापडायचं नाही, म्हणून पुन्हा पहिल्यापासून. रात्रीची जेवणं अडून राहायची. बायको बिचारी ताटं वाढून बसून राहायची. मी चिडायचो, अगदी आवाज चढवायचो. मला राग कुणाचा येत होता ते उघड आहे.

उपाय माझ्या मुलीने काढला. ती तेव्हा सात वर्षांची. एक दिवस ती मागच्या खोलीत कॉट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत पुस्तक घेऊन जाऊन बसली. दादा वाकला, त्याने तिला बघितलं आणि छातीवर हात ठेवून म्हणाला, "आहे गं बाई, आहे." त्या दिवशी त्याने दुसरी फेरी मारली नाही. नीट जेवला. तेव्हापासून रोज सहाला ती तिथे जाऊन बसते. आता सोळा वर्षांची आहे, पाय मावत नाहीत, तरी बसते. मी तिला एकदा म्हटलं, पुरे आता हे. ती म्हणाली, "काकांना रोज कुणीतरी सापडायला नको का?"

माझं तोवर बरं चाललं होतं. त्या प्रकारानंतर शाळेने सुरक्षेचं फार मनावर घेतलं आणि वायरी कळणारा मी एकटाच, म्हणून मला सुरक्षा प्रमुख केलं. दर वर्षी सगळ्या ड्रायव्हरांचा वर्ग मी घेतो. फळीवर घंटी, बटण, वायरी मांडून दाखवतो आणि सांगतो, "एका ड्रायव्हरने आळसाने स्वतःच बटण पुढे आणलं होतं." ड्रायव्हर माना डोलावतात. त्या गोष्टीने मुलं वाचत असतील, अशी मी स्वतःची समजूत घालायचो. पण घरात कुकर थांबला, पंखा बंद झाला, कसलंही यंत्र गप्प झालं की मी मनात दीड मिनिट मोजायला लागतो. मोजून संपतं आणि काहीच वाजत नाही. तेव्हाच सगळ्यात जास्त भीती वाटते.

यंदा वर्गाला मुख्याध्यापिकांनी पिवळ्या फाटकाच्या आईला बोलावलं होतं. मला सांगितलं ते ऐन वेळी. पन्नाशीकडे झुकलेल्या, साध्या, पहिल्या रांगेत मांडीवर फाइल घेऊन बसलेल्या. मी नेहमीची गोष्ट सुरू केली. हात आपलं काम करत होते. वायरीत केलेली छेडछाड ओळखायची कशी हे दाखवायला मी वायर सोलली, जोड दिला, टेप गुंडाळली आणि टोक दुमडलं.

त्या उठून टेबलापाशी आल्या. माझ्या हातातल्या जोडाकडे त्यांनी वाकून बघितलं. मग फाइलमधून एक फोटो काढून शेजारी ठेवला. कडा मऊ पडलेला, पोलिसांनी काढलेला फोटो. काळी टेप, आणि तिच्या टोकाला दुमडलेला कान.

"अकरा वर्षं मी हा बघतेय," त्या म्हणाल्या. "हे टोक असं का, ते मला कळत नव्हतं."

सगळेच इलेक्ट्रिशियन असं करतात, हे वाक्य माझ्या ओठांवर तयार होतं. म्हटलं असतं तर खपलंही असतं. पण त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, फोटोकडे बघत बोलत होत्या.

"तो मेसेज मी दहा वाजून बारा मिनिटांनी वाचला होता. पुन्हा चुकून आला असेल म्हणून फोन पर्समध्ये टाकला. सगळ्यांना सांगितलं की मी बघितलाच नाही. घरात अजून कुणाला माहीत नाही."

चाळीस ड्रायव्हर ऐकत होते. मी म्हणालो, "बटण मी लावलं. माझ्या भावाला वायरची भीती वाटते. तो खोटं बोलला ते माझ्यासाठी."

त्यांनी मान हलवली, फोटो उचलून फाइलमध्ये ठेवला आणि त्या जागेवर जाऊन बसल्या. माफी मी मागितली नाही. कुठल्या तोंडाने मागणार होतो? मुख्याध्यापिका म्हणाल्या, "तुम्ही घरी जा. उद्या पोलिसांना बोलवावं लागेल."

मी पोचायच्या आत बातमी घरी पोचली होती. मुलीने दार उघडलं, माझ्याकडे एकदा बघितलं आणि स्वयंपाकघरात निघून गेली. दादा खुर्चीत बसला होता.

"कशाला सांगितलंस?" तो म्हणाला. "मी दीड वर्ष काढलं ते फुकट घालवलंस."

"मला सहन होत नव्हतं दादा."

"तुला सहन होत नव्हतं." त्याने ते शब्द सावकाश परत म्हटले. "बटण तू लावलंस. दाबलं मी."

"आरशात बघ म्हणून मीच सांगितलं होतं."

"तू सांगितलंस, मी ऐकलं. मोठा कोण आपल्यात?"

घड्याळात सहा झाले. दादा गुडघ्यावर हात ठेवून उठला आणि बाहेरच्या खोलीतून सुरुवात केली. सोफ्यामागे, दारामागे. मी स्वयंपाकघरात डोकावलो. मुलगी ओट्याकडे तोंड करून, पाठ वळवून उभी होती. तिला सहा वाजलेले कळले नव्हते असं नाही. आज ती तिथे बसणार नव्हती, आणि तिला बस म्हणायचा मला काही अधिकार उरला नव्हता.

दादा मधल्या खोलीत आला. त्याचा श्वास जड येत होता. मी स्वयंपाकघराच्या दाराने त्याच्याआधी मागच्या खोलीत गेलो, कॉट सरकवली आणि भिंतीच्या फटीत कसाबसा शिरून खाली बसलो. गुडघे छातीला लागले होते. फरशी गार होती. फटीजवळ तिचं पुस्तक उपडं पडलं होतं. मी मोजायला लागलो.

दादाची पावलं दारात थांबली. कपाट उघडलं, बंद झालं. मग कॉटवर त्याचा हात टेकला, आणि त्याचा चेहरा हळूहळू खाली आला. आमची नजरानजर झाली असं मला वाटलं. मी काहीतरी बोलणार होतो, पण तो माझ्याकडे बघतच नव्हता. मी जिथे बसलो होतो तिथे बघत होता. मग त्याने छातीवर हात ठेवला आणि रोजच्याच हलक्या आवाजात म्हणाला, "आहे गं बाई, आहे."