गोळी नक्की लिहायची कोणी?

नेदरलँड्समधल्या बेस्ट गावातला आमचा मराठी ग्रुप जमला की पूर्वी विषय ठरलेले असायचे. मॉर्गेज, मुलांचं डच आणि हापूसची पेटी कोण आणतंय. मग प्रज्ञाला आणि पाठोपाठ माझ्या नवऱ्याला, समीरला, एडीएचडीचं, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याचं, निदान झालं. तेव्हापासून चहा गार होतो, पण डॉक्टरांचे किस्से संपत नाहीत.

*

सुरुवात प्रज्ञाची. ती टिलबर्गला रिसर्च करते, माहेर नागपूरचं. तिच्या प्रायव्हेट स्पेशालिस्टने सांगितलं, तुम्हाला लहानपणापासून ओळखणाऱ्या कोणाशी तरी बोलायचंय. तिने आईला व्हिडिओ कॉलवर घेतलं. काकू कडक इस्त्रीची साडी नेसून बसल्या आणि मुलगी बघायला स्थळ आल्यासारखं लेकीचं कौतुक सुरू केलं. डॉक्टरांनी विचारलं, शाळेत वस्तू विसरायची का?

"कधीच नाही," काकू म्हणाल्या. "डबा, कंपास, स्वेटर, सगळं मी रोज मागाहून शाळेत नेऊन द्यायचे."

प्रज्ञाने शब्दन् शब्द भाषांतर करून सांगितलं. डॉक्टर बराच वेळ लिहीत होते.

*

समीरला गोळी छान मानवली. हातातलं एक काम संपवून मगच तो दुसरं घ्यायला लागला. त्याचा प्रायव्हेट स्पेशालिस्ट म्हणाला, आता सगळं स्थिर आहे, पुढची गोळी तुमचा हाऊसआर्ट्स, म्हणजे फॅमिली डॉक्टर, लिहून देईल. आमच्या हाऊसआर्ट्स बाई म्हणाल्या, प्रायव्हेटवाल्यांनी सुरू केलेलं औषध त्यांनीच चालू ठेवावं. दोघंही इतकं गोड बोलायचे की भांडताही येईना.

गोळ्या संपत आल्या. ऑफिसात मोठा डेमो तोंडावर आलेला, म्हणून समीर त्या पुरवून पुरवून घ्यायला लागला. ग्रुपमध्ये हे सगळं तो हसत सांगायचा. घरी मात्र एकदा म्हणाला, "इतक्या वर्षांनी डोक्यातला गोंगाट थांबलाय गं. परत नको."

*

हाऊसआर्ट्स बाईंची अपॉइंटमेंट हवी तर सकाळीच फोन करायचा. समीरने अलार्म लावला. अलार्म वाजला, तो उठला, वाटेत त्याला सायकलची चेन सुटलेली दिसली. मी दुपारी घरी आले तर चारही सायकली चकाचक, आणि फोन जिथल्या तिथे.

दुसऱ्या दिवशी मीच फोन केला. असिस्टंट म्हणाली, पेशंटने स्वतः करायला हवा. मी म्हटलं, त्याच्या लक्षात राहत नाही हो.

"अरेरे," ती मनापासून म्हणाली. "मग त्याने त्यासाठी डॉक्टरांना भेटायला हवं."

*

शेवटी त्याला शेजारी बसवून फोन लावला आणि अपॉइंटमेंट मिळाली. मीही सोबत गेले. हाऊसआर्ट्स बाई पन्नाशीच्या, उंच, शांत, कॉम्प्युटरकडे बघत बोलणाऱ्या. त्यांनी विचारलं, गोळीच्या आधी नेमकं काय व्हायचं?

समीरने स्पेशालिस्टचं काही सांगितलं नाही, आपलंच सांगितलं. भांडी घासता घासता खिडकी पुसायला जायचं, खिडकीतून कुंडी दिसली की माती आणायला बाहेर. संध्याकाळी भांडी तशीच, खिडकी अर्धी, आणि आपण आळशी आहोत ही खात्री पक्की. लहानपणापासूनची.

बाईंचं टायपिंग थांबलं. मग त्यांनी आमच्यासमोरच स्पेशालिस्टला फोन लावला. जे इतके दिवस झालं नव्हतं ते तेवढ्यात ठरलं. गोळी बाई लिहून देणार, ब्लडप्रेशर असिस्टंट बघणार, वर्षातून एकदा स्पेशालिस्ट तपासणार. समीर इतका खूश झाला की आभार डचमध्ये मानायचे सोडून त्याने मराठीतच मानले.

आम्ही बाहेर जॅकेट घालत होतो, तेवढ्यात बाई स्वतः मागे आल्या. पुढचा पेशंट वाट बघत होता. त्यांनी दार हळूच लोटून घेतलं आणि समीरला खालच्या आवाजात विचारलं,

"पन्नाशीतल्या बायकांनाही तपासतात का तिथे?"