बांधीतला रुपया

कामठ्याच्या धुरपताबाईंना नवं माणूस भेटलं की पाच मिनिटांत त्यांचा रुपया निघतो. निघतो म्हणजे बोलण्यात. खरा रुपया पंचेचाळीस वर्षांपूर्वी त्यांच्याच धानाच्या बांधीत, म्हणजे खाचरात, चिखलात गेला. सून तर "आला रुपया" म्हणून तोंडाला पदर लावते. हसणाऱ्यांना हसू द्यावं.

रुपया चांदीचा, भोक पाडून काळ्या दोऱ्यात ओवलेला. लग्नानंतर माहेराहून, नवेगाव बांधहून, निघताना आईने तो आपल्या गळ्यातून काढून लेकीच्या गळ्यात घातला. घरातली पाचही भावंडं दात येताना तोच चघळत मोठी झालेली. त्याच पावसाळ्यात, रोवणी, म्हणजे धानाची लावणी, संपली त्या दिवशी, रिवाजाप्रमाणे बायांनी मालकाला चिखलात लोळवलं. मालक म्हणजे जागेश्वर, धुरपताबाईंचा नवराच. नव्या नवरीनेही संधी सोडली नाही. त्या झटापटीत दोरा कधी तुटला, ते घरी आंघोळीला बसल्यावर कळलं.

दिवाळीला माहेरी गेल्यावर आईला सांगू, असं त्यांनी ठरवलं. दिवाळीच्या आधीच आई गेली. तिचा एक फोटोसुद्धा कुणाकडे नाही. आईच्या अंगावरचं तेवढंच काय ते यांच्याजवळ होतं, आणि तेही यांनी हसता हसता घालवलं. पुढे जागेश्वरही गेले. पण आजही आईची आठवण अनावर झाली की बाई त्या बांधीच्या धुऱ्यावर, बांधावर, जाऊन बसतात.

मागच्या उन्हाळ्यात त्यांच्या मुलाच्या, खुशालच्या रोटाव्हेटरचं पातं तुटून त्याच बांधीत पडलं. ते शोधायला त्याने फुलचूरच्या उमेंद्रला बोलावलं. उमेंद्रने मोबाइलवर व्हिडिओ पाहून धातू शोधायचं यंत्र मागवलं होतं, आणि आजवर त्याला खिळे आणि बाटल्यांची झाकणं यापलीकडे काही गवसलं नव्हतं. पातं मात्र दहा मिनिटांत मिळालं.

"आता माहा रुपया पाय ना गा," धुरपताबाई म्हणाल्या.

माणूस भला. तीन दिवस सकाळी सकाळी येऊन तो बांधी पिंजत राहिला, बाई त्याच्या मागे मागे. तिसऱ्या दिवशी यंत्र किंचाळलं. वीतभर खाली, ढेकळात, काळपट गोल नाणं. बाईंनी ते पदराने पुसलं, त्यावर अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला.

भोक नव्हतं. दोन्ही बाजूंना फारसी अक्षरं होती.

उमेंद्रने गोंदियातल्या एका जुन्या नाण्यांच्या जाणकाराला फोटो पाठवला. तासाभरात त्याचाच फोन आला. बहमनी सुलतानांच्या काळातला चांदीचा टंका, सहाशे वर्षांचा, असा क्वचितच मिळतो. घासू नका, तहसीलात कळवा, कायदाच आहे तसा.

खुशाल आधी अवाक् झाला. मग त्याचं डोकं चालायला लागलं. आईला घेऊन तो ओसरीवर बसला.

"माय, तुहा रुपया हरपला हे साऱ्या गावाले ठावं हाये. तू म्हन, हाच तो. कोनी इचारनार नाई. मी सोनाराकडून भोक पाडून आनतो."

सहाशे वर्षांच्या टंक्याला भोक! जाणकाराने ऐकलं असतं तर जागच्या जागी आडवा झाला असता.

धुरपताबाईंनी नाणं तळहातावर धरलं. मोह झाला, चांगलाच झाला. गळ्यात पुन्हा काहीतरी आलं असतं. सुनेचं हसणं थांबलं असतं. सापडला एकदाचा, असं मनाला समजावता आलं असतं.

"कोन्या बाईचा असन," त्या म्हणाल्या. "तिनंबी लय शोधला असन." त्यांनी नाणं मुलाच्या हातात ठेवलं. "उद्या नेऊन दे तहसीलात."

"काऊन पन, माय? घरात आलेली चीज कायले घालवून राहिली?"

"हाच माहा म्हटला, तं माहा शोधाले कोन येईल रे?"

धुरपताबाई उमेंद्रकडे वळल्या. तो अंगणात यंत्र गुंडाळून निघायच्या बेतात होता.

"उद्या किती वाजता येशीन गा?"

उमेंद्रने एकदा खुशालकडे पाहिलं, एकदा बाईंच्या रिकाम्या हाताकडे, आणि सहाला येतो म्हणाला.